पापणी नसलेला नाग

श्रावण लागला की माझ्या उजव्या हाताची बोटं आपोआप वळतात, हातोडीच्या दांड्याभोवती वळावीत तशी. हातोडी उचलून आता बरीच वर्षं झाली. पण काल सकाळी ऊन-पावसाचा खेळ सुरू झाला, मागच्या शेतातून तण काढायच्या डवऱ्याच्या बैलांना हाकारण्याचा आवाज आला, ओल्या काळ्या मातीचा वास थेट चुलीपर्यंत शिरला, आणि बोटं वळली. मला हसू आलं. म्हटलं, काशीबाई, त्या श्रावणानं तुला अजून सोडलेलं नाही.

तो श्रावण कापसाच्या वेडाचा होता. अमेरिका नावाच्या कुठल्याशा मुलखात भाऊ भावाशी लढत होते. तिथला कापूस विलायतेला पोचत नव्हता, म्हणून आमच्या वऱ्हाडातल्या बोंडाला सोन्याचे दिवस आले होते. ज्वारीच्या रानात कापूस, तुरीच्या रानात कापूस, गुरं चारायच्या बरडावर कापूस. लोकांनी गाडीवाटेच्या कडासुद्धा नांगरून घेतल्या; दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीला मागे हटावं लागे आणि भांडणं होत. अमरावतीच्या बाजारात कुणी गाडीच्या चाकाला चांदीची पट्टी ठोकली म्हणून लोक सांगत. ती पट्टी मी पाहिली नाही. ते सांगताना सांगणाऱ्याचे डोळे कसे चमकत, ते मात्र पाहिलंय.

त्याच सुमाराला बडनेऱ्याकडे आगगाडीचा रस्ता येत होता. वाटेत नाले, नाल्यांवर पूल, पुलांना दगड. आम्ही जातीचे पाथरवट. दहा कोसांतले टाकी धरणारे सगळे पुरुष पुलांवर गेले. माझे घरधनी गेले, दोन्ही दीर गेले. घरी उरलो आम्ही बायका आणि मामाजी, म्हणजे माझे सासरे. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. उजेड आणि अंधार एवढंच त्यांना कळे.

मामाजी नाग घडवत. कुठल्याही गावच्या शिवेवर, कडुनिंबाखाली किंवा पिंपळाच्या पारावर जा, शेंदरानं माखलेला नाग दिसला की लोक म्हणत, बडनेऱ्याच्या थोरल्या पाथरवटाच्या हातचा. मी कोण? मी जात्याला टाकी लावणारी. जातं दळून दळून गुळगुळीत झालं की त्याला पुन्हा खरबरीत करावं लागतं. डोक्यावर पाटी, पाटीत टाकी आणि हातोडी, आणि गल्लीतून आरोळी, "जात्याले टाकी, पाट्याले टाकी!" एवढा माझा धंदा. शिवाय मैलाच्या दगडांवर घरचे कोळशानं अक्षर ओढून देत आणि मी ते टाकीनं खोल करत असे. अक्षरं मी अशी आधी दगडावर शिकले आणि मग कागदावर. आज हे लिहिताना मला वाटतं, कागद फार सोपा. चुकलं तर फाडता येतो.

पंचमीला बारा-तेरा दिवस असतील. मी शेजारच्या गावात पार्वताबाईंच्या ओसरीवर त्यांचं जातं उलटं टाकून बसले होते. पार्वताबाई कुणब्याच्या, चांगल्या तीस बिघ्यांच्या घरच्या. बोलायला सरळ, हाताच्या सढळ. त्या दिवशी मात्र त्या माझ्यासमोर नुसत्या बसून राहिल्या. आत भिंतीला टेकून त्यांची सून रुखमा बसली होती. सातवा महिना. पुढ्यात भाकरी, आणि भाकरीवर माशा.

"काशी," पार्वताबाई हळूच म्हणाल्या, "तुमच्या घरी दगडाचा नाग मिळंन काय वं? पंचमीच्या आत पाह्यजे."

"मामाजीले आता दिसत नाई, बाई. अन् बाकीचे सारे पुलावर."

"मंग मी काय करू?" त्यांचा आवाज फाटला. मी हातोडी खाली ठेवली.

मग त्यांनी सांगितलं. शेताच्या कोपऱ्यात पळसाखाली जुनं वारूळ होतं. त्यात नागाची जोडी राहायची, हे घरात सगळ्यांना ठाऊक. त्यांच्या सासूच्या वेळेपासून तो कोपरा कुणी नांगरला नव्हता. यंदा पेरणीच्या आधी त्यांचे मालक महादजी यांनी तिथंही वखर घातला. तेवढ्या जागेत कपाशीच्या चार ओळी बसल्या. पण जोडीतला एक साप वखराच्या पाशीखाली, म्हणजे लोखंडी पात्याखाली आला. नेमकी त्याच वेळी रुखमा भाकरी घेऊन शेतात पोचली होती. तिनं ते दोन तुकडे पाहिले.

पंचमीची कहाणी आमच्याकडे पोरीबाळींना पाठ असते. शेतकरी नांगरतो, फाळाखाली नागाची पिल्लं मरतात, नागीण येऊन त्याच्या घरातल्या एकेकाला डसते. दूर नांदणारी एक लेक पाटावर नाग काढून पूजा करत असते, तिच्या भक्तीनं नागीण निवते आणि घर पुन्हा उठतं. लहानपणी ही कहाणी ऐकताना आम्ही लाह्या खात असू. रुखमासाठी ती आता कहाणी राहिली नव्हती.

"तिले वाटते, ते घर आपलंच," पार्वताबाई म्हणाल्या. "रातभर पाय पोटाशी घेऊन बसते. म्हनते, दुसरी नागीण येईन. पंचमी जवळ आली तसं भेव वाढलं; तीन दिसापासून भाकरीले शिवली नाई, घोटभर दुधावर हाये. पोटातल्याचं काय होईन, काशी? त्या कोपऱ्यात नाग बसवतो म्हटलं तर जराशी हलली. पन नाग आनू कुठून?"

मी जात्याकडे पाहिलं, माझ्या टाकीकडे पाहिलं, आणि म्हणाले, "मी घडवते."

"तू?"

"मी."

"बाईच्या हातचा देव..." त्या अडखळल्या.

"हे जातं कोनाच्या हातचं हाये, बाई? याच्यावर दळलेल्या पिठाचा निवद देवाले चालतेच ना?"

 त्या उठल्या आणि माझ्या पाटीत ओंजळभर लाह्या टाकल्या. आमच्याकडे काम ठरलं की असं काहीतरी हातावर ठेवतात.

घरी आले आणि मामाजींना सांगितलं. ते अंगणात बाजेवर बसले होते, तोंड पावसाच्या दिशेला. 

"आपल्या घरात बाईनं देव नाई घडवला."

"घडवायची पाळी नाई आली, मामाजी. आता आली."

"टाकी घसरली अन् फना फुटला, तर फुटका नाग घरात ठेवता येत नाई, अन् फेकताबी येत नाई. मंग?"

"नाई फुटनार."

"लय तोरा हाये," ते म्हणाले. मग बाजेवरच वळून त्यांनी माझ्याकडे पाठ केली. "दगड घे वाटलं तर. मले काही इचारू नको."

या घरात 'दगड घे' एवढं मिळालं तर बाकीचं मिळवता येतं, हे मला लग्नानंतरच्या दहा वर्षांत कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी शिदोरी घेऊन पुलावर गेले. आमच्या ह्यांनी सगळं ऐकून घेतलं, कपाळावरची दगडाची भुकटी पुसली आणि विचारलं, "किती उंच पाह्यजे?" मी हात धरून दाखवलं, गुडघ्याच्या थोडा वर. ते उठले, दगडांच्या राशीत फिरले, एकेका दगडावर हातोडीची हलकी टिचकी मारून कान लावत राहिले. एकाचा आवाज घंटेसारखा निघाला. "हा घे. याच्या पोटात भेग नाई." मिस्त्रीला विचारून तो त्यांनी माझ्या पाटीत ठेवला. बाबांची समजूत काढतो वगैरे ते काही म्हणाले नाहीत. त्यांचा स्वभावच तसा. शब्द कमी, दगड अचूक.

दगड मिळाला, पण नाग कसा काढायचा? मी जन्मभर वर्तुळं आणि रेघा कोरल्या होत्या. मामाजींचे नाग आठवून पाहिले, तर आठवणीत शेंदूरच शेंदूर. म्हणून मी विचारत सुटले. पुलावर तेव्हा सगळ्या मुलखांची माणसं होती, आणि गंमत म्हणजे ज्याला विचारावं त्याच्याकडे आपला एक साप होता.

कमानीचा लाकडी साचा करणारा पेद्रू हा गोव्याकडचा सुतार, गळ्यात क्रूस घालणारा. तो म्हणाला, "आमच्यात साप म्हणजे सैतान. पहिल्या बाईला त्यानं फळ खायला लावलं आणि माणसाचं सुख गेलं. आमच्या देवळात आईची मूर्ती आहे, तिच्या पायाखाली साप."

"तुमची आई त्याले पायाखाली घेते," मी म्हटलं, "अन् आमच्या बाया त्याले भाऊ मानून उपास धरतात."

पेद्रू हसला. मग त्यानं मला डागदर साहेबाच्या तंबूकडे नेलं आणि बाहेर ठेवलेली औषधाची पेटी दाखवली. झाकणावर पितळी चित्र, एका काठीला वेटोळं घातलेला साप. "हाही साप. पण हा बरं करणारा. साहेब म्हणतो, फार जुन्या काळी त्यांच्याकडे वैद्याचा देव होता, त्याच्या हातातली काठी ही." मी त्या पितळेवरून बोट फिरवलं. एकाच पेद्रूकडे दोन साप, एक सुख घेऊन गेलेला आणि एक दुखणं घेऊन जाणारा.

पुलाचं काम पाहणाऱ्या रहीम मिस्त्रींनी मूसा पैगंबरांची गोष्ट सांगितली. जुलमी राजासमोर त्यांनी हातातली काठी टाकली आणि तिचा अजगर झाला, जादूगारांचे सगळे साप गिळून बसला. ते सांगताना मिस्त्री स्वतःच काठी टाकल्यासारखा हात करत. माती वाहणारी नागम्मा तेलंगणातली; तिचं नावच नागावरून. तिनं ओल्या मातीवर दोन रेघा एकमेकींत गुंफून दाखवल्या, वेणीसारख्या. तिच्या गावी अशा दगडाला मूल मागणाऱ्या बायका फेऱ्या घालतात. "तू फिरलीस काय?" मी विचारलं. तिनं चार बोटं दाखवली आणि पदर तोंडाला लावून हसली. चार मुलं.

परतताना वाटेत जुन्या काळ्या दगडाचं एक पडकं देऊळ लागे. त्याच्या दाराच्या चौकटीवर नागांची वेल कोरलेली होती. शेपट्या वर, फणे खाली, मध्ये शेकडो वेटोळी. मी भिजत उभी राहिले. वाटलं, माणसानं या एका प्राण्याला केवढी कामं लावलीत! पृथ्वी डोक्यावर घे, समुद्र घुसळायला दोरी हो, महादेवाच्या गळ्यात बस, गणपतीच्या पोटाला पट्टा हो, पाप कर, औषध दे, पोरं दे, धन राख. आणि इतकी कामं करणाऱ्याचं तोंड कसं आहे, ते कुणी जवळून पाहिलंय का? मी तरी पाहिलं नव्हतं. साप दिसला की आम्ही आधी ओरडतो, मग हात जोडतो आणि मग काठी शोधतो. पाहण्याचं राहूनच जातं.

पाहणं मला मिळालं ते चौथ्या दिवशी. दगड बसवायची जागा बघायला मी पार्वताबाईंच्या शेतात गेले होते. नुकतीच सर येऊन गेली होती आणि ऊन पडलं होतं. पळसाची पानं ठिबकत होती. वारुळाच्या जागी माती सपाट, आणि तिच्यावर कपाशीची पऱ्हाटी गुडघ्याएवढी, हिरवीगार. मी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून हातानं माप घेत होते. पळसाच्या मुळातून काहीतरी सरकलं.

नागीण बाहेर आली तेव्हा माझ्यापासून आठ-दहा हातांवर होती. मी दचकले, तशी ती उभी राहिली. फणा पसरला. मी हलले नाही. धीट होते म्हणून म्हणाल, तर तसं नाही; पाय उचलायचं सुचलंच नाही. मग पहिला झटका ओसरला आणि मी पाहायला लागले, दगड पाहतात तशी. खालून वर. वेटोळं सैल होतं. गळ्याच्या पट्ट्या एकावर एक, पायऱ्यांसारख्या. फणा पुढे झुकलेला नव्हता. किंचित मागे होता, कुणी हात उगारला की आपण मान मागे घेतो तसा. आणि सगळा गळा थरथरत होता. डोळे लहान, वाटोळे, ओले. ती त्यांची उघडझाप करत नव्हती. करणार कशी? पापणीच नव्हती. जे समोर येईल ते तिला पाहावंच लागणार. पाशीखाली आलेला जोडीदारही तिनं असाच पाहिला असेल, डोळे मिटायची सोय नसताना.

हिला राग आलेला नाही, माझ्या मनात आलं. ही भ्यालेली आहे.

तेवढ्यात ती खाली झाली आणि पऱ्हाटीच्या ओळीतून निघून गेली. पानं हलत गेली, तेवढीच तिची वाट दिसली. मी उठले. डोक्यात नाग पुरा बसला होता. आता फक्त दगडातला वाढीव भाग काढायचा होता.

आठ दिवस मी त्या दगडाशी होते. सकाळी घरकाम, दुपारी जात्यांचं काम, आणि तिसऱ्या प्रहरापासून अंधार पडेपर्यंत नाग. ओसरीवर एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला मामाजींची बाज. ते बोलत नसत. पण कान माझ्या टाकीवर असत. टाकी जरा तिरपी लागली की ते खोकत. पहिल्या दिवशी मला वाटलं, सर्दी आहे. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की खोकला नेमका चुकीच्या घावालाच येतो.  खोकला आला की टाकी सरळ करायची, असं आमचं चालू झालं. 'मले काही इचारू नको' हा त्यांचा शब्दही राहिला आणि माझा नागही.

चतुर्थीच्या सकाळी, भावाचा उपास धरून, मी शेवटचे घाव घातले. पाणी ओतून दगड धुतला. काळा पाषाण ओला झाला की जिवंत दिसतो. मी मामाजींच्या जवळ नेऊन ठेवला आणि म्हटलं, "मामाजी, पाहून घ्या."

"काय पाहू? डोये कुठं हायेत मले?"

"बोटं हायेत."

त्यांनी हात पुढे केला. आधी वेटोळ्यावरून, मग गळ्यावरून. पट्ट्या मोजल्यासारखं बोट वर चढत गेलं. फण्याच्या कडेला पोचल्यावर हात थांबला.

"फना मागं काहून गेला? पुढं पाह्यजे. मानसाच्या अंगावर आला पाह्यजे."

"तो अंगावर येत नाई, मामाजी. भेला हाये. मी पाह्यला."

त्यांचं बोट डोळ्यांवर आलं. तिथं ते फार वेळ फिरत राहिलं.

"पापनी नाई घातली."

"त्याले पापनी नसतेच."

"नसते?"

"नाई."

मामाजींनी हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला. अंगणातल्या पन्हाळीतून पाणी पडत होतं. मला वाटलं, आता ओरडतील. ते म्हणाले, "साठ-सत्तर नाग घडवले असतीन मी. साऱ्याले पापनी घातली, मानसासारखी. बाबा घालत होता, म्हनून मी घातली." मग, जणू स्वतःलाच, "मी जन्मभर बापाचा नाग घडवला, पोरी. साप पाह्यलाच नाई."

 त्यांनी पुन्हा हात पुढे केला, नागाच्या डोक्यावर ठेवला आणि तसाच राहू दिला, लहान मुलाच्या टाळूवर ठेवतात तसा. मग म्हणाले, "जा, नेऊन दे. दिवस मावळायच्या आत बसव. उद्या पंचमी, माती उकरता येनार नाई."

दगड डोक्यावर घेऊन मी शेतात पोचले तर पार्वताबाई पळसाखाली एकट्याच होत्या. पदर खोचलेला, आणि हातानं पऱ्हाटी उपटत होत्या. दोन ओळी उपटून झाल्या होत्या. मी दगड धुऱ्यावर टेकवला तेवढ्यात पलीकडून महादजी धावत आले.

"काय करून राहिली वं तू?"

"जागा करून राहिली."

"पात्या-कळ्या धरलेली पऱ्हाटी हाये ते! लोक गाडीवाटा नांगरून राह्यले, अन् तू उभं पीक उपटून राहिली?"

पार्वताबाई उभ्या राहिल्या. हातात झाड होतं, मुळांना चिखल. "सून उपाशी हाये. तिच्या पोटात कापूस कोंबू काय?"

 महादजींनी नागाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि धुऱ्यावरच उकिडवे बसले. मोठा धिप्पाड माणूस, पण बसल्यावर एकदम लहान वाटला.

"मले दिसला होता तो," ते म्हणाले. बायकोकडे न बघता. "मी घरी सांगितलं, दिसला नाई. दिसला होता. वखराच्या पुढं माती हालली. बैल थांबवता आले असते."

"मंग काहून नाई थांबवले?"

"वाटलं, एवढी ओळ निंगाली की झालं. एवढी एकच ओळ."

 मी तर परकी. मी मान वळवून पळसाकडे पाहत राहिले. मग पऱ्हाटी उपटल्याचा आवाज आला, आणि त्यामागून आणखी एक. वळून पाहिलं तर महादजी तिसऱ्या ओळीला लागले होते. चारही ओळी गेल्या. खड्डा त्यांनीच खणला. नाग मी बसवला, उगवतीकडे तोंड करून, आणि आम्ही तिघांनी मिळून माती दाबली.

पंचमीच्या सकाळी गावच्या बायका आल्या. हळद, लाह्या, फुटाणे, दुधाची वाटी. घरी कुणाच्या चुलीवर तवा नव्हता, कुणी विळी हातात घेतली नव्हती. दूरवर पारावर पुरुष घागरीवर थाळी वाजवत नागाच्या बाऱ्या, म्हणजे नागाची गाणी, म्हणत होते, त्यांचा ताल वाऱ्याबरोबर येत-जात होता. साप दूध पीत नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण वाटी ठेवताना बायकांचे चेहरे कसे मऊ होतात ते पाहिलं की वाटीला नावं ठेवावीशी वाटत नाहीत.

रुखमा सगळ्यांच्या मागे उभी होती, सासूचा हात धरून. तिची पाळी आली तेव्हा ती पुढे येईना. मी तिच्याजवळ गेले.

"याचे डोये असे काहून, काशीबाई?" तिनं विचारलं. "आमच्या माहेरचा नाग कसा रागानं पाहतो."

"मी त्याची जोडीदारीन पाह्यली, इथंच. लटलट कापत होती. तुले वाटते, ती तुले शोधून राहिली. अवं, ती तुह्यापासूनच लपून राहिली."

रुखमानं नागाकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं. मग म्हणाली, "तिचंबी घर मोडलं."

"हो."

"मंग आता कुठं राहीन ती?"

"इथंच. हा कोपरा आता तिचा."

रुखमानं सासऱ्याकडे पाहिलं. महादजी दूर बांधावर उभे होते. त्यांनी मान हलवली. तेव्हा ती पुढे झाली, पोट सांभाळत खाली बसली, आणि हळदीचं बोट नागाच्या फण्याला लावलं. उठताना तिनं ओंजळीतल्या उरलेल्या लाह्या तोंडात टाकल्या. मागे कुणीतरी कुजबुजलं, अवं खाते, खाते! पार्वताबाई तोंडात पदर कोंबून रडल्या.

तिला दिवाळीनंतर मुलगी झाली. दोघी सुखरूप. पुढे अमेरिकेतली लढाई संपली आणि कापसाचा भाव कोसळला, तेव्हा अमरावती-अकोल्यापर्यंत भलेभले लोक डोक्याला हात लावून बसले. महादजीही बसले. पण त्या पळसाखाली पुन्हा वखर गेला नाही. दोन पावसाळ्यांत तिथं वारूळ वर आलं, नागाच्या कमरेपर्यंत.

आता कधी आगगाडीनं अकोल्याला लेकीकडे जाते, तेव्हा खिडकीतून शेतं पळताना दिसतात. एखाद्या शेताच्या कोपऱ्यात, चांगल्या काळ्या मातीत, झुडपाएवढी जागा कुणीतरी तशीच सोडलेली असते. डब्यातले शिकलेले लोक म्हणतात, अडाणी आहेत, वाया घालवली. मी वाद घालत नाही. ज्या माणसाला सगळं नांगरता येत असून एक कोपरा सोडता येतो, त्याच्या दाराशी मी निर्धास्त पाणी पिईन.

त्या सालचा पूल मार्गशीर्षात बांधून झाला. पुरुष घरी आले. ओसरीवर पुन्हा चार टाक्यांचा आवाज सुरू झाला, आणि माझी टाकी पुन्हा जात्या-पाट्यांपुरती उरली. एक दिवस चांदूरकडचा एक माणूस गाडी घेऊन दाराशी थांबला. मी आत पीठ मळत होते. त्यानं ओसरीवरच्या पुरुषांना रामराम केला आणि विचारलं, "नाग घडवनारे थोरले पाथरवट कोनते?"

आमच्या ह्यांनी मामाजींकडे पाहिलं. दीर सावरून बसले. गल्लीतली दोन-चार माणसंही थांबली. मामाजी बाजेवर उठून बसले, घसा साफ केला आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मी होतो. आता माही सून हाये. आत हाये, बोलावतो." आणि त्यांनी मला नावानं हाक मारली. सासऱ्यानं सुनेला अशी चारचौघांत नावानं हाक मारलेली आमच्या गल्लीनं तोवर ऐकली नव्हती.

मी हात धुतले, पदर सारखा केला, बाहेर आले आणि त्या माणसाला विचारलं, "कोनत्या झाडाखाली नाग बसवनार तुमी?"